रेप्लिका किती मागे आहे? साध्या प्रश्नाचं महाग उत्तर

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅबचे इंजिनिअर डेटाबेसची दुसरी प्रत पुन्हा उभी करायच्या खटपटीत होते. स्पॅममुळे मुख्य डेटाबेसवरचा भार वाढला होता. दुसऱ्या सर्व्हरवरची प्रत मागे पडत गेली, आणि तिला हव्या असलेल्या लॉगच्या फायली मुख्य सर्व्हरने तोवर पुसून टाकल्यामुळे रेप्लिकेशन ठप्प झालं. लॉगचा वेगळा साठाही ठेवलेला नव्हता. मग रस्ता एकच उरतो: दुसऱ्या सर्व्हरवरचा जुना डेटा काढायचा आणि पीजी_बेसबॅकअप ही पोस्टग्रेसची कमांड चालवून सगळी प्रत नव्याने आणायची.

कमांड चालवली. स्क्रीनवर काहीच येईना. जास्त तपशील दाखवण्याचा पर्याय दिलेला होता, तरी काही नाही. पुन्हा चालवली, पुन्हा तेच. एका इंजिनिअरला वाटलं, आधीच्या प्रयत्नांमधून उरलेल्या फोल्डरमुळे ती अडकत असेल. त्याने ते फोल्डर पुसायला घेतलं, पण चुकून मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली आणि त्याने हात आवरला. तोवर सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरलं होतं. रोजचे बॅकअप कधीपासून बनतच नव्हते, आणि ते फसल्याचे ईमेल मध्येच नाकारले जात होते. शेवटी योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेला एक स्नॅपशॉट कामी आला. मधल्या काळातले अंदाजे ५,००० प्रोजेक्ट, ५,००० कॉमेंट आणि ७०० नवी खाती गेली. हे सगळं कंपनीने स्वतःच्या अहवालात मोकळेपणाने लिहिलं आहे.

त्या अहवालातली एक ओळ मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती गप्प कमांड बिघडलेली नव्हतीच. मुख्य सर्व्हरकडून डेटा यायला सुरुवात होईपर्यंत ती नुसती वाट बघत बसते, हेच तिचं नेहमीचं वागणं. फक्त तसं ती सांगत नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, एक ओळ छापायला काय जातं? त्या ओळीपुरतं बोलायचं तर काहीच जात नाही. पण रेप्लिकेशनवर नजर ठेवणाऱ्या सोयींमध्ये प्रत्येक गोष्ट इतकी फुकट नसते. काही माहिती दाखवायची म्हणजे आधी ती गोळा करायला लागते, आणि गोळा करायची जागा नेमकी तीच असते जिथे डेटाबेस सगळ्यात जास्त घाईत असतो. पोस्टग्रेस बनवणाऱ्यांनी ही रस्सीखेच कशी सोडवली, ते जरा आतून बघू.

आधी कीर्द, मग खतावणी

जुन्या पद्धतीने हिशेब ठेवणाऱ्या दुकानात व्यवहार झाला की आधी कीर्दीत लिहितात आणि सवडीने खतावणीत उतरवतात. पोस्टग्रेसचं काम असंच चालतं. प्रत्येक बदल आधी राइट-अहेड लॉगमध्ये, म्हणजे कीर्दीत लिहिला जातो. तो डिस्कवर पक्का बसला की व्यवहार झाला असं समजायचं. टेबलांच्या फायली, म्हणजे खतावणी, मागाहून बदलत राहते.

रेप्लिकेशन म्हणजे या कीर्दीची पानं दुसऱ्या दुकानात पाठवणं. मुख्य सर्व्हर म्हणजे प्रायमरी. तो पाठवतो. दुसरा सर्व्हर, स्टँडबाय, ती पानं घेतो, डिस्कवर पक्की करतो आणि आपल्या खतावणीत उतरवतो. पान मिळालं, पक्कं झालं, उतरलं, असे हे तीन वेगवेगळे टप्पे आहेत. स्टँडबाय मागे आहे असं कुणी म्हणालं की कोणत्या टप्प्यात मागे, हे विचारायला हवं. पान मिळायलाच उशीर होत असेल तर नेटवर्क बघा. पान मिळालंय पण उतरत नाहीये, तर तिथली डिस्क तपासा किंवा तिथे चाललेली एखादी लांबलचक क्वेरी.

हे तीन आकडे पोस्टग्रेस ९.१ पासून, म्हणजे २०११ पासून, पीजी_स्टॅट_रेप्लिकेशन या तक्त्यात दिसतात. दिसतात खरे, पण कसे? कीर्दीतल्या जागेचा पत्ता म्हणून. या पत्त्याला एलएसएन म्हणतात. समजा प्रायमरीचा पत्ता आहे २/१००००००० आणि स्टँडबायचा २/८००००००. घाईत बघणाऱ्याला वाटेल, दहाला आठ, फार काही अंतर नाही. पण नीट मोजा, पहिल्यात एक शून्य जास्त आहे. शिवाय हे आकडे सोळाच्या पटीत चालणारे. खरं अंतर निघतं १३,४२,१७,७२८ बाइट, म्हणजे १२८ एमबी. लॉगच्या १६ एमबीच्या आठ फायली.

डेटाबेसच्या बाजूने बघितलं तर हा तक्ता फार स्वस्त आहे. पत्ते मेमरीत असतातच, ते उचलून दाखवायचे इतकंच. पण रात्री दोन वाजता झोपेतून उठलेल्या माणसाला १२८ एमबी म्हणजे किती वाईट, हे त्यावरून कळत नाही. प्रायमरी सेकंदाला एक एमबी लॉग लिहीत असेल तर ही दोन मिनिटांहून जास्तीची थकबाकी आहे. शंभर एमबी लिहीत असेल तर जेमतेम सव्वा सेकंदाची. माणसाला उत्तर वेळेत हवं असतं. ग्राहकाने पत्ता बदलला, तर स्टँडबायवरून वाचणाऱ्या ॲपला जुना पत्ता किती सेकंद दिसेल?

घरगुती सूत्र आणि त्याचे दोन सापळे

बरीच वर्षं लोक यावर एक घरगुती सूत्र वापरत. स्टँडबायला विचारायचं, तू शेवटचा उतरवलेला व्यवहार प्रायमरीवर किती वाजता झाला होता? ती वेळ आत्ताच्या वेळेतून वजा करायची. सोपं आहे आणि प्रायमरीला त्याचा कसलाही भार नाही.

पहिला सापळा रविवारी सापडतो. दुकान बंद, व्यवहार नाहीत. शेवटची नोंद कधीची, तर काल संध्याकाळची. सूत्र सांगतं, स्टँडबाय सोळा तास मागे! प्रत्यक्षात तो अगदी बरोबरीने उभा असतो, आणि अलार्म मात्र ठणाणा वाजतोय.

मग कुणीतरी सूत्र दुरुस्त केलं: आलेली सगळी पानं उतरवून झाली असतील तर अंतर शून्य दाखवा. रविवारचा अलार्म थांबला. पण आता नेटवर्क तुटलं तर? नवी पानं येणं बंद, आलेली सगळी उतरवलेली, म्हणून अंतर शून्य. स्टँडबाय तासन्‌तास मागे पडत जातो आणि स्क्रीनवर हिरवा शून्य झळकत राहतो. माझ्या मते हा दुसरा सापळा पहिल्यापेक्षा कितीतरी घातक आहे. खोट्या अलार्मने झोप जाते, खोट्या शून्याने डेटा जातो.

मायएसक्यूएलमध्येही हाच दुखरा भाग आहे. तिथला सेकंड्स_बिहाइंड_मास्टर हा आकडा (नव्या आवृत्त्यांत मास्टरच्या जागी सोर्स) रेप्लिकापर्यंत पोचलेल्या घटनांवरूनच काढला जातो. नेटवर्क मंद असेल आणि पोचलेलं सगळं लावून झालं असेल, तर तो बिनधास्त शून्य दाखवतो.

घड्याळ बघायलाही वेळ लागतो

मग खरी वेळ मोजायची कशी? कागदावर उत्तर सोपं आहे. लॉगचा प्रत्येक तुकडा डिस्कवर पक्का होताना प्रायमरीने घड्याळ बघून वेळ टिपून ठेवायची. स्टँडबायकडून पोच आली की पुन्हा घड्याळ बघायचं आणि वजाबाकी करायची.

अडचण पहिल्या अर्ध्या भागात आहे. लॉग पक्का करणं ही डेटाबेसमधली सगळ्यात गर्दीची गल्ली. लिहिणाऱ्या प्रत्येक व्यवहाराला तिथून जावंच लागतं आणि प्रत्येकाची रांग तिथेच लागते. त्या गल्लीत घड्याळ बघण्याचं एक जादा काम आणि सगळ्यांनी मिळून वापरायच्या मेमरीत एक जादा नोंद टाकली, तर ज्याला लॅगच्या आकड्याशी काही देणंघेणं नाही, त्याचीही प्रत्येक नोंद जरा जरा हळू होणार. घड्याळ बघणं म्हणजे फुकटचं काम असं वाटतं, पण तसं नाही. काही मशीनवर ते चांगलंच महाग पडतं. म्हणूनच पोस्टग्रेसमध्ये डिस्कच्या वाचन-लेखनाची वेळ मोजायची सोय मुळात बंद ठेवलेली असते, आणि तुमच्या मशीनवर घड्याळ बघायला किती वेळ लागतो हे तपासायला पीजी_टेस्ट_टायमिंग नावाचं वेगळं साधन दिलेलं आहे.

२०१७ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या १० व्या आवृत्तीत राइट_लॅग, फ्लश_लॅग आणि रिप्ले_लॅग असे तीन नवे रकाने आले. थॉमस मन्रो यांनी लिहिलेल्या या कोडमध्ये एक टिप्पणी आहे आणि ती वाचण्यासारखी आहे. तिचा मथितार्थ असा: लॉग पक्का होतानाच वेळ टिपता आली असती, पण त्या गर्दीच्या वाटेवर नवं कोड घालण्यापेक्षा इथे, पाठवणाऱ्या प्रक्रियेत, वेळ घेतलेली पुरेशी आहे.

म्हणजे गल्लीत उभं न राहता गल्लीच्या तोंडाशी उभं राहायचं. प्रत्येक स्टँडबायसाठी प्रायमरीवर पाठवणारी एक वेगळी प्रक्रिया असते. लॉग पुढे सरकला की ती जागी होते, कुठवर सरकला ते बघते आणि त्याच क्षणी घड्याळ बघून पत्ता आणि वेळ अशी जोडी टिपते. मोजमाप किंचित उशिरा सुरू होतं. अचूकता थोडी कमी, पण व्यवहार करणाऱ्यांच्या वाट्याला भार शून्याच्या जवळ.

जोड्या ठेवायच्या किती, तर ८,१९२. एका जोडीला १६ बाइट धरले तर एका स्टँडबायमागे १२८ केबी मेमरी. स्टँडबाय फारच मागे पडला आणि ही जागा भरली, तर जागा वाढवत नाहीत. नमुने विरळ होतात आणि मधल्या ठिकाणांची वेळ अंदाजाने काढली जाते. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. स्टँडबाय चाळीस मिनिटं मागे असताना तो चाळीस मिनिटं तीन सेकंद आहे की सात सेकंद, याने कुणाला फरक पडतो?

वेळ दोन्ही वेळा प्रायमरीच्याच घड्याळावर बघितली जात असल्यामुळे आणखी एक फायदा होतो. दोन सर्व्हरच्या घड्याळांत फरक असला तरी आकडा बिघडत नाही. घरगुती सूत्रात तो बिघडायचा.

स्टँडबायच्या बाजूलाही अशीच काटकसर आहे. लॉगचा तुकडा मिळाला किंवा पक्का झाला की तो कळवतो. खतावणीत उतरवल्याची बातमी मात्र प्रत्येक वेळी वेगळी पाठवत नाही, पुढच्या पोचेबरोबर ती जाते. शांत काळातही साधारण दर दहा सेकंदांनी पोच जातच राहते. एखादा व्यवहार स्टँडबायवर उतरेपर्यंत खरोखरच थांबून राहिलेला असेल, तसं सेटिंग असेल, तर ती बातमी लगोलग धाडली जाते. नाहीतर नुसत्या स्क्रीनवरच्या आकड्यासाठी नेटवर्कवर संदेशांचा पाऊस पाडावा लागला असता.

मायएसक्यूएलने ८.० मध्ये वेगळा रस्ता धरला. तिथे प्रत्येक व्यवहाराच्या लॉगमध्येच कमिटची वेळ मायक्रोसेकंदांत लिहिली जाते. एक वेळ व्यवहार मूळ जिथे झाला तिथली, एक जवळच्या सर्व्हरवरची. रेप्लिकांची साखळी असेल तर कोणत्या कडीत किती उशीर झाला, हे त्यातून कळतं. पोस्टग्रेसच्या रकान्यांतून इतकं कळत नाही. त्याबदल्यात प्रत्येक व्यवहारामागे लॉगमध्ये काही बाइट कायमचे वाढले आणि सगळ्या सर्व्हरची घड्याळं जुळती ठेवायची जबाबदारी तुमच्यावर आली. दोघांनीही किंमत मोजली आहे, फक्त वेगवेगळ्या खिशातून.

शून्य, रिकामं आणि गायब

आकडा स्वस्तात मिळाला, पण तो माणसाला कळायलाही हवा. इथे पोस्टग्रेसने घेतलेला एक निर्णय पहिल्यांदा बघणाऱ्याला चक्रावून टाकतो. स्टँडबाय पूर्ण बरोबरीत आला, तरी रिप्ले_लॅग शून्य होत नाही. शेवटच्या नोंदीला जेवढा वेळ लागला होता, तो काही काळ तसाच दिसत राहतो, आणि मग रकाना रिकामा होतो.

कारण साधं आहे. हा आकडा ‘बरोबरीला यायला अजून किती वेळ लागेल’ असं सांगतच नाही. ‘नुकत्याच झालेल्या व्यवहाराला तिकडे दिसायला किती वेळ लागला’ हे तो सांगतो. नवे व्यवहारच नसतील तर त्या प्रश्नाला उत्तर नाही, आणि उत्तर नसताना शून्य लिहिणं म्हणजे थाप मारणं. त्या रिकाम्या जागेला शून्य समजायचं, माहिती नाही असं समजायचं की शेवटचा आकडा पुढे ओढायचा, हे मॉनिटरिंग करणाऱ्याने ठरवावं, असं दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेलं आहे. हे थोडं हात झटकल्यासारखं वाटतं, कबूल. तरी खोट्या शून्यापेक्षा बरं.

खरा धोका तिसऱ्या प्रकाराचा आहे. पीजी_स्टॅट_रेप्लिकेशनमध्ये जोडलेल्या स्टँडबायचीच ओळ दिसते. जोडणी तुटली की ओळच गायब. आता समजा तुम्ही अलार्म लावलाय, रिप्ले_लॅग तीस सेकंदांहून जास्त झाला तर मेसेज पाठव. स्टँडबाय बंद पडला, ओळ गेली, तीस सेकंदांहून जास्त असं काहीच सापडलं नाही, अलार्म शांत. सगळ्यात मोठा बिघाड आणि सगळ्यात हिरवा डॅशबोर्ड! म्हणून लॅगच्या अलार्मबरोबर ओळी मोजणारा अलार्मही लावा. दोन स्टँडबाय असतील तर दोन ओळी दिसल्याच पाहिजेत.

रेप्लिकेशन स्लॉट वापरत असाल तर त्यांच्या तक्त्यात तुटलेला स्टँडबायही दिसत राहतो, निष्क्रिय म्हणून. त्याच्यासाठी प्रायमरी लॉगच्या फायलीही राखून ठेवतो, म्हणजे गिटलॅबसारख्या त्या आधीच पुसल्या जात नाहीत. पण स्टँडबाय परत आलाच नाही तर साठत साठत प्रायमरीची डिस्क भरून जाते. त्यावर मर्यादा घालायचं सेटिंग २०२० मध्ये १३ व्या आवृत्तीत आलं. ते मुळात अमर्याद असतं, तेव्हा एकदा तपासून बघाच.

त्या गप्प कमांडचं पुढे काय झालं

१० व्या आवृत्तीपासून पीजी_बेसबॅकअपला जास्त तपशील दाखवायला सांगितलं, की चेकपॉइंट पूर्ण होण्याची वाट बघतोय अशी ओळ येते. चेकपॉइंट म्हणजे मेमरीतले बदल डिस्कवरच्या फायलींत उतरवून घेणं. बॅकअप सुरू व्हायच्या आधी ते व्हावं लागतं, आणि प्रायमरीवर एकदम ताण येऊ नये म्हणून ते मुद्दाम सावकाश, मिनिटांच्या हिशेबाने केलं जातं. म्हणजे मुळात बॅकअप सुरू होतानाची ही शांतता परफॉर्मन्स जपण्यासाठीच असते. थांबायचं नसेल तर चेकपॉइंट लगेच कर असं सांगता येतं. तेव्हा डिस्कला एक झटका बसतो, आणि दिवसाच्या गर्दीत तो जाणवतो.

१३ व्या आवृत्तीत त्याहून मोठी सोय आली. बॅकअप चालू असताना पीजी_स्टॅट_प्रोग्रेस_बेसबॅकअप या तक्त्यात बघितलं की कोणता टप्पा चालू आहे ते नावासकट दिसतं: चेकपॉइंटची वाट, आकाराचा अंदाज, फायली पाठवणं वगैरे. किती बाइट गेले आणि एकूण किती जायचे तेही दिसतं. यातला ‘एकूण किती’ हा आकडा फुकट नाही. तो काढायला सर्व्हरला आधी सगळ्या फायलींवरून एक फेरी मारावी लागते, त्यामुळे पहिला बाइट निघायला उशीर होतो. आधी हा हिशेब मागितला तरच केला जायचा. १३ पासून तो आपोआप होतो आणि नको असेल त्याने नको म्हणायचं.

इथे पारडं सोयीच्या बाजूला झुकलं, आणि ते मला पटतं. हा खर्च बॅकअपमागे एकदाच होतो, प्रत्येक व्यवहारामागे नाही. आणि होतो तेव्हा समोर बहुतेक एखादा घाबरलेला माणूस बसलेला असतो. कमिटच्या वाटेवर एक मायक्रोसेकंदसुद्धा वाचवायची आणि बॅकअपच्या सुरुवातीला काही सेकंद सहज सोडायचे, या दोन गोष्टी एकाच प्रकल्पाने केल्या. यात मला काही विसंगती दिसत नाही.

तुमच्याकडे हे सगळं बसवायला वेळ नसेल, तर जुना गावठी उपाय अजूनही चालतो. प्रायमरीवर एका छोट्या टेबलात दर सेकंदाला आत्ताची वेळ लिहायची आणि स्टँडबायवर ती वाचून वजाबाकी करायची. पर्कोनाचं पीटी-हार्टबीट हे साधन मायएसक्यूएलसाठी हेच करतं. सेकंदाला एक लेखन हा भार बहुतेक ठिकाणी कळतही नाही. रविवारी दुकान बंद असलं तरी एक नोंद पडतच राहते, आणि नेटवर्क तुटलं तर आकडा इमानदारीत वाढत जातो. घड्याळं तेवढी जुळती ठेवा. आणि तो आकडा वाचण्यासाठी दर सेकंदाला नवी जोडणी उघडू नका. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक जोडणीमागे एक नवी प्रक्रिया उभी राहते. हे टाळलं नाही, तर आकडा मोजण्यापेक्षा तो विचारायला येणाऱ्याचाच खर्च जास्त होतो.